खिंडीपलीकडचा आवाज

१

विमान सापडलं ते तिसऱ्या दिवशी. खिंडीच्या मधोमध, उजव्या उतारावर. शेपूट जसंच्या तसं होतं. पुढचा भाग ओळखू येत नव्हता. चालवणारी पोरगी एकटीच होती. मागे औषधांची खोकी आणि टपालाच्या दोन पिशव्या. सव्वीस वर्षांची आणि अंगाने एवढीशी, की बसायला उशी घेतल्याशिवाय तिला काचेतून पुढचं दिसत नसे. सगळा विमानतळ तिला चिमणी म्हणायचा.

चौकशीवाल्या बाई पोहोचल्या अकराव्या दिवशी. पन्नाशी उलटलेली, हातात एकच पिशवी, डाव्या कानाने जरा कमीच ऐकू येई. बावीस वर्षं हवामान खात्यात काढून त्या अपघातांच्या चौकशीकडे आल्या होत्या. त्यांचा अनुभव असा, की अकरा दिवसांत माणसं रडून मोकळी होतात आणि आपापली गोष्ट घोटून पाठ करतात.

मॅनेजरची तर तोंडपाठच होती. चहा यायच्या आत त्याने ती सांगून टाकली.

"सरळ प्रकरण आहे बाई. आमच्याकडून पलीकडच्या तलावाच्या गावाला जायचं तर मधे डोंगराची रांग, आणि रांगेत ही एक खिंड. खिंडीत हवामानाचं यंत्र नाही. म्हणून रिवाज असा, की सकाळी जो पहिला खिंड पार करेल, त्याने पलीकडच्या तोंडाशी पोचून रेडिओवरून सांगायचं: खिंड उघडी की बंद, ढग किती उंच, वारा कसा. रेडिओवालीने ते वहीत लिहायचं आणि मागून येणाऱ्यांना सांगायचं."

"त्या दिवशी पहिलं कोण गेलं?"

"कॅप्टन. आमचे सर्वांत जुने. चिमणीला उडायला त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, खिंड बंद. रेडिओवालीने ऐकलं, खिंड उघडी. तेच तिने चिमणीला सांगितलं. संपलं."

"रेडिओच्या खोलीत टेप असते ना? ती ऐकली की झालं."

मॅनेजरने कप उगाच बशीत फिरवला. "टेप चोरीला गेलीय. पाचव्या दिवशी लक्षात आलं. खोलीची किल्ली रेडिओवालीकडेच असायची. मी तिला घरी बसवलंय."

"म्हणजे तिनेच लांबवली असं म्हणता?"

"मी कशाला कोणाचं नाव घेऊ?" तो म्हणाला, आणि नाव न घेता पुढचं सांगून मोकळा झाला. "ती चिमणीची सख्खी थोरली बहीण आहे."

२

रेडिओवालीचं घर विमानतळाच्या कुंपणापासून दहा मिनिटांवर होतं. पुढची खोली, मधे दार, मागे दुसरी खोली. बाई आत आल्या तसं मधलं दार कोणीतरी आतून लोटून घेतलं.

"आई आहे," रेडिओवाली म्हणाली. पस्तिशीची असेल, पण अकरा दिवसांत चेहरा वाळून गेला होता. "माझ्याशी बोलत नाही."

"कॅप्टन नक्की काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत सांगा."

"नऊ वाजून पाच मिनिटं. 'पलीकडच्या तोंडाशी आहे. खिंड उघडी. ढग उंच, वारा मंद.' नऊ वीसला माझ्या बहिणीने विचारलं, मी तेच सांगितलं. ती म्हणाली, 'आत जाते.' मग काही नाही. आत गेल्यावर कोणाचाच आवाज येत नाही, म्हणून मी अर्धा तास निवांत बसले होते. निवांत, बाई! कपाट आवरत होते."

"ऐकण्यात चूक झाली असेल?"

"आधी म्हणायचे, शक्यच नाही. आता रोज डोक्यात तेच वाक्य वाजतं, आणि कधी कधी त्यात 'बंद' ऐकू येतं. कॅप्टन खोटं कशाला बोलतील?"

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "टेप कुठे ठेवलीत?"

तिची मान खाली गेली. "टेप चोरीला गेली नाही. टेप नव्हतीच. दोन महिने मशीन बंद आहे. मी सांगितलं तर मॅनेजर म्हणाले, लिहून देऊ नको, वरून विचारणा होईल, मी बघतो. अजून बघतायत."

पटण्यासारखं होतं, पण जिच्या ताब्यात टेप, तीच म्हणते टेप नव्हती, हे जरा जास्तच सोयीचं होतं. त्या उठणार, एवढ्यात मधल्या दारामागून आवाज आला. म्हातारा, कोरडा.

"आदल्या दिवशी तुम्ही दोघी कडाकडा भांडला होतात, ते सांगितलंस का त्यांना?"

३

भांडण झालं होतं, हे रेडिओवालीने कबूल केलं. चिमणीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात ती जाणार होती. आई, घर, दुखणी, सगळं थोरलीच्या गळ्यात. "मी म्हटलं, तू उडून जा, मी आहेच घाण्याला. एवढंच म्हटलं."

बाई परतल्या त्या जड पायांनी. राग होता, किल्ली होती, टेप नव्हती. एखाद्याला अडकवायला यापेक्षा कमी पुरावा पुरतो. पण पुरावा आयता वाढलेल्या ताटासारखा समोर आला, की बाईंची भूकच मरायची.

हवामानाच्या खोलीत एक बारकासा गृहस्थ बसला होता. पाऊस येण्याआधी ओरडतो म्हणून सगळे त्याला बेडूकराव म्हणत, तोंडावरसुद्धा. रोज सकाळी तो अंदाज टाइप करून फळ्यावर चार टाचण्यांनी लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून फाइलीत घालायचा. अपघाताच्या दिवसाचा कागद त्याने न मागताच पुढे केला.

"हे बघा. 'सकाळी खिंडीत ढग उतरण्याची शक्यता.' मी आपलं काम केलं होतं."

बाईंनी फाइल घेतली. मागचा कागद, पुढचा कागद, पुन्हा मागचा. मग तो एकच कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"बेडूकराव, बाकी प्रत्येक कागदाला चार कोपऱ्यांत चार भोकं आहेत. याला एकही नाही. हा कागद फळ्यावर लागलाच नव्हता."

त्याने फाइल मिटून बाजूला सारली. "नंतर केला," तो अखेर म्हणाला. "विमान बेपत्ता झालं त्या दुपारी. खरा कागद फाडून टाकला. त्यात होतं, 'खिंड दुपारपर्यंत स्वच्छ.' मला दोन मुली आहेत हो बाई, नोकरी गेली तर..."

"स्वच्छ कशावरून लिहिलं होतं?"

"खिंडीत यंत्र नाही. मग जे रोज जातात त्यांच्या निरोपांवरून बांधायचा अंदाज. खिंडीतून सकाळी पहिले जातात कॅप्टन, आणि चार महिने त्यांचा निरोप एकच: उघडी, ढग उंच. मी म्हटलं, यंदा खिंड खुशीत आहे."

बाईंनी तो कागद आपल्या पिशवीत टाकला. बाहेर व्हरांड्यात कॅप्टन उभे होते. उंच, पिकल्या मिशांचे, टोपी काखेत. किती वेळ उभे होते, ते काही कळलं नाही.

"पोरीला दोष देऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "ऐकण्यात चूक कोणाचीही होते. मी बंद म्हटलं. मी बाहेर पडलो आणि माझ्यामागे दार लावावं तशी खिंड बंद झाली. टेप असती तर... सापडली का टेप?"

"नाही."

"काहीच मागमूस नाही?"

दोनदा विचारलं, हे बाईंच्या उजव्या कानाने नीट टिपलं.

४

संध्याकाळी बाईंनी मॅनेजरकडून सगळे जबाब मागवून घेतले. पाचव्या दिवशी सकाळी मॅनेजरने टेप चोरीला गेल्याचं जाहीर केलं होतं. कॅप्टनच्या जबाबावर तारीख होती त्याच दिवसाची. त्याआधी चार दिवस ते तब्येतीचं कारण सांगून कोणालाच भेटले नव्हते. चोराच्या मनात चांदणं, असं लगेच म्हणायला बाई तयार नव्हत्या. शिष्या गमावलेला माणूस चार दिवस तोंड लपवून बसू शकतो. पण मग पाचव्या दिवशी बोलावंसं का वाटलं?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या रेडिओच्या नोंदवह्या घेऊन बसल्या. रेडिओवालीचं अक्षर दाणेदार, खाडाखोड नाही. प्रत्येक निरोपापुढे वेळ, कोण, कुठून, काय, आणि शेवटच्या रकान्यात आवाजाला गुण. पाचपैकी पाच म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखा. एक म्हणजे नुसती खरखर.

अपघाताच्या दिवसापुढे, नऊ वाजून पाच मिनिटांच्या ओळीत गुण होते पाच.

पाच गुणांच्या आवाजात "बंद"चं "उघडी" ऐकू येत नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण चुकत नव्हता, खोटं बोलत होता. कोण, ते वही सांगत नव्हती. बाई मागची पानं उलटू लागल्या. पलीकडच्या तोंडाशी पोचून कोणी कोणी निरोप दिला, तेवढ्याच ओळींवर बोट फिरवत. एक. दोन. एक. एक. डोंगर मधे आला की रेडिओचा आवाज असाच गाळून येणार. फक्त कॅप्टनचा तेवढा पाच, पाच, पाच. आणि चार महिन्यांमागे गेल्यावर तोही बाकीच्यांसारखाच, एक आणि दोन.

त्यांनी रेडिओवालीच्या घरी फोन लावला.

"मलाही नवल वाटलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाले, विमानात नवा रेडिओ बसवलाय."

त्या दिवशी पहाटेपासून हवेत आणखी कोण होतं? वहीत एकच नाव सापडलं: शेतांवर विमानातून औषध मारणारा फवारणीवाला. पावणेनऊला त्याने वर चढल्यावर वारा विचारला होता. बाई गाडी करून त्याच्याकडे गेल्या. दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर, टेकड्यांच्या खोबणीत शेतं होती आणि त्यांच्या कडेला त्याचं पिवळं विमान. तो पंखाखाली बसून खात होता.

"नऊच्या सुमाराला? मी खालीच होतो, टाकी भरून घेत होतो. रेडिओ चालू होता. कॅप्टनचं ऐकलं ना मी! 'खिंड उघडी, ढग उंच.' अहो खणखणीत. मी तर वर बघितलं, वाटलं डोक्यावर येऊन बसतात की काय!"

"'उघडी'च म्हणाले?"

"कोणाच्याही समोर सांगेन."

रेडिओवाली सुटली होती. बाईंनी वही मिटली, आणि मिटता मिटता, निव्वळ सवयीने विचारलं, "मग तिने उत्तर काय दिलं?"

"तिचं मला कुठून ऐकू येणार? या टेकड्या बघा ना चारी बाजूंनी. खाली बसलो, की ना विमानतळ ऐकू येत, ना खिंडीकडचं कोणी. चिमणीचाही आवाज नाही आला शेवटचा. कॅप्टन एकटेच बडबडल्यासारखे वाटले."

त्याचा घास तोंडाशी थांबला, कारण बाई एकाएकी उभ्या राहून वर आभाळाकडे बघायला लागल्या होत्या.

५

तलावाच्या गावच्या धावपट्टीवर एक रखवालदार होता. बाईंनी त्याला फोनवर दोनच प्रश्न विचारले. कॅप्टन त्या दिवशी कधी उतरले? पावणेदहाला. पलीकडच्या तोंडापासून धावपट्टी किती लांब? दहा मिनिटं. म्हणजे सव्वानऊला उतरायला हवं होतं. "पण कॅप्टनसाहेबांना हल्ली तलाव बघत बघत यायची हौस आहे," रखवालदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्यालाच पुन्हा फोन करून पलीकडचं आकाश विचारलं. अलीकडचं स्वतः डोळ्यांनी बघितलं. दोन्हीकडे ढगाचा ठिपका नाही. मग त्या कॅप्टनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला खिंड बघायचीय. तुम्हीच घेऊन चला. तुमच्याइतकी ती कोणाला ठाऊक?"

नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

विमान लहान, दोघं शेजारी शेजारी. समोरच्या फळीवर रेडिओ होता. त्याच्या बटणावरचे आकडे वर्षानुवर्षांच्या बोटांनी पुसून गेले होते. वीस मिनिटांत डोंगर समोर आला. खिंड दिसत होती. दोन खांद्यांमधली मान असावी तशी, उन्हात लखलखीत, पार पलीकडच्या तलावाची चकाकी दाखवणारी.

कॅप्टननी विमान थोडं वळवलं. एक चक्कर घेतली. मग दुसरी.

"हवा बरोबर वाटत नाही," ते म्हणाले.

"आकाश धुतल्यासारखं आहे, कॅप्टन."

तिसऱ्या चकरेला त्यांच्या मिशांवर घाम दिसायला लागला. हात सुकाणूच्या दांड्यावर असे आवळले होते, की बोटं पांढरी पडली. मग त्यांनी विमानाचं नाक दक्षिणेकडे वळवलं.

"खिंड डावीकडे राहिली," बाई म्हणाल्या. "तुम्ही वळसा घालून निघालात. फवारणीवाल्याच्या शेतांवरून. त्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी होतात, तिथूनच. मधे डोंगर नव्हता, म्हणून आवाज पाच गुणांचा."

कॅप्टननी वळण पुरं करून विमान सरळ केलं.

"गेल्या हिवाळ्यात," कॅप्टन म्हणाले, "मी ढगात सापडलो. आत. मागे चार माणसं. दोन्ही बाजूंना दगड असल्याचं ठाऊक, आणि समोर दूध ओतल्यासारखं पांढरं. दीड मिनिट. कसा निघालो, मला माहीत नाही. उतरल्यावर माणसांनी हात मिळवले, म्हणाली, छान प्रवास झाला. त्यानंतर तोंडाशी आलो, की हे असं होतं." त्यांनी हात दांड्यावरून उचलून दाखवला. तळव्यावर दांड्याचा वळ उमटला होता. "तीस वर्षं मला खिंडीचा राजा म्हणतात. कोणाला सांगू?"

"म्हणून वळशाने जायचात, आणि निरोप खिंडीचा द्यायचात. न बघता."

"अगदीच न बघता नाही. बेडकाचा अंदाज वाचून निघायचो. तो म्हणे स्वच्छ, मी म्हणायचो उघडी. त्याचा अंदाज चार महिन्यांत एकदाही चुकला नाही."

"चुकला असेल. कळणार कसं? दुसरा कोणी आत जाऊन वाईट हवेत सापडला नाही, हे नशीब. कॅप्टन, बेडूकराव तो अंदाज कशावरून बांधायचे, ठाऊक आहे तुम्हांला?"

त्यांनी मान वळवून बघितलं.

"तुमच्या निरोपांवरून," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांचं वाचून सांगायचात, ते तुमचं ऐकून लिहायचे. चार महिने निरोप देण्याआधी खिंडीत डोकावलं कोणीच नव्हतं. आत ढगात सापडली ती पहिली तुमची चिमणी."

विमान एका बाजूला कलायला लागलं, आणि बाईंना "कॅप्टन!" असं ओरडावं लागलं, तेव्हा कुठे त्यांनी ते सावरलं.

"ती बेपत्ता झाल्याचं मला तलावाच्या गावी कळलं," ते म्हणाले. "चार दिवस मी कबूल करायलाच निघत होतो. रोज बूट घालायचो आणि काढायचो. टेपमध्ये सगळं आहेच, असं वाटायचं. ते ऐकतील, मला बोलावतील, माझं काम सोपं होईल. मग मॅनेजर म्हणाला, टेप गेली."

"आणि तुम्ही मेलेल्या पोरीच्या बहिणीवर ढकललंत."

"हो," कॅप्टन म्हणाले. पुढे सबब नव्हती. "मागे फिरू?"

"फिरा. आणि उतरलात की आधी लिहून द्या. बूट काढायच्या आत."

६

त्यांनी लिहून दिलं. चार पानं, स्वतःच्या अक्षरात. "बंद" हा शब्द मी नंतर बनवला, हेही. मॅनेजरने आधी हात झटकायचा प्रयत्न केला, पण टेपचं मशीन उघडल्यावर आत दोन महिन्यांची धूळ निघाली आणि त्याचा आवाज बसला. बेडूकरावांनी फाडलेला अंदाज आठवेल तसा पुन्हा लिहून खाली सही केली. सही करताना ते रडले, आणि बाईंनी त्यांना रडू दिलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी रेडिओवाली कामावर आली. बाई निघायच्या तयारीत होत्या. निरोप घ्यायला त्या खोलीत डोकावल्या.

"आई काय म्हणते?"

"तुमचा अहवाल तिने दोनदा वाचून घेतला शेजारणीकडून. बोलली काही नाही. आज सकाळी म्हणाली, कामाला जा." तिने हेडफोन कानांवर चढवले. "त्या दिवशी मी तिला म्हणू शकले असते, बाई. की हा निरोप पंधरा मिनिटांपूर्वीचा आहे, बघून जा. एवढं तरी."

बाई पिशवी खाली ठेवून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. टपालाचं विमान, नवा वैमानिक, डोंगरापासून दहा मिनिटांवर. "खिंडीचं काय आहे? उघडी की बंद?"

रेडिओवालीने वही पुढे ओढली. पान कोरं होतं. कॅप्टन नव्हते, पहिलं कोणी गेलंच नव्हतं. बाहेर ऊन पडलं होतं, डोंगर स्वच्छ दिसत होता, आणि "उघडी असावी" म्हणायला काहीच लागलं नसतं. तिने माइकचं बटण दाबलं.

"आज खिंड कोणीही पाहिलेली नाही. मला माहीत नाही. पुन्हा सांगते, मला माहीत नाही."

"समजलं," वैमानिक म्हणाला. "वळसा घालून जातो. अर्धा तास उशीर होईल, कळवून ठेवा."

तिने वेळ लिहिली, निरोप लिहिला, शेवटच्या रकान्यात गुण टाकले, आणि तलावाच्या गावचा फोन उचलला.